दहापैकी किती

ब्रदर इरण्णा सकाळी कागद घेऊन येतो,
"राजव्वा, दुखणं दहापैकी किती?"
मी म्हणते, दोन.

दोन म्हणजे किती, ते मलाही माहीत नसतं.
कारखान्यात चेकरसमोर सूप ठेवलं की
हजार विड्यांत छाट किती, ते तोच ठरवायचा.
आपण फक्त त्याच्या बोटांकडे बघायचं
आणि कमी निघू दे म्हणायचं, मनात.
चार बाळंतपणं पदर दातात धरून केली.
भिंतीला भिंत लागलेली आमची घरं:
माग चालू आहेत तोवर कण्हून घ्यायचं,
वीज गेली की गप्प.

पित्ताशय काढलं.
उजव्या बरगडीखाली वीतभर शिवण.
शेजारच्या खाटेवर अक्कलकोटची नीलव्वा
"नोवू, नोवू" करून सगळा वॉर्ड जागा ठेवायची.
मला लाज वाटायची, तिच्या वाटची.
तिला सुई मिळायची, ती झोपायची,
आणि दुपारी भिंत धरून नळापर्यंत जाऊन यायची.
मी शहाणी, मी हलत नव्हते.
श्वाससुद्धा चिमटीनं घ्यायचे,
एका विडीत तंबाखू भरतात, तेवढाच.

तिसऱ्या दिवशी अंग तापलं.
छातीच्या तळाशी काहीतरी
भिजत घातलेल्या पानांच्या पुडक्यासारखं
जड होऊन बसलं.
इरण्णानं तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र
तोंडाला लावलं. ओढा, म्हणाला.
पहिली गोळी जागची उठली,
इकडंतिकडं बघून परत बसली.
"खोका की जरा."
मी छताच्या पंख्याकडं बघितलं.
"खोका."
पंखा तीन पात्यांचा होता, एकाला जळमट.
"दोन म्हणणारी बाई खोकती, राजव्वा."

एवढं बोलून तो गेला नाही. कागदावरही काही लिहिलं नाही.
नुसता उभा राहिला.

मग मी सांगायला लागले.
आमच्यात नोप्पी म्हणतात, एकच शब्द, त्यात काय काय बसवू?
मराठीत निदान कळ आहे, चमक आहे,
ठणका, भगभग, सल,
हे सगळं आहे, म्हटलं, आळीपाळीनं येतं,
आणि श्वास घेताना सगळी मिळून येतात.
आठ.
नाही, थांब. नऊ.

मला वाटलं आता कुणीतरी हजेरी कापेल.
त्यानं सुई भरली.

अर्ध्या तासानं लेकीनं घरची चादर घडी करून
पोटावर दाबून धरायला दिली.
ह्यांच्या मागावरची, किनारीत एक तार चुकलेली,
शेठनं परत केली म्हणून घरात राहिलेली.
ती दोन्ही हातांनी आवळून मी खोकले.
दुखलं, नाही कसं?
पण आता ते माझ्या उरावर नव्हतं,
खाटेच्या कडेला उभं होतं, ओळखीच्या बाईसारखं.
आतलं पुडकं सुटलं. हिरवट, घाण.
इरण्णा भांड्यात बघून असा खूश झाला
जसं काही नातू झाला.
संध्याकाळी दोन गोळ्या उचलल्या.
दुसऱ्या दिवशी नळापर्यंत गेले,
नीलव्वाच्या खांद्याला धरून, सतरा पावलं.
तिसरी गोळी घरी येईपर्यंत उचलली नाही.
ते खोटं सांगणार नाही.

घरी अजून मांडी घालता येत नाही.
तेरा दिवस एक विडी वळली नाही,
बोटं रिकामी, आपापसात दोरा गुंडाळत बसतात.
रात्री लेक विचारते, किती?
चार, म्हणते मी. कधी सहा. सहा असेल तर सहाच.

काल हे मागावरून उठताना
गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबले.
किती वर्षं असे थांबतात, कोण जाणे.
मी पलंगावरून विचारलं, दहापैकी किती?
हे म्हणाले, दोन.

तेवढ्यात वीज गेली. गल्लीभर माग थांबले.
खाली कुणाची तरी पाण्याची घागर भरत आलेली ऐकू आली.
मी म्हटलं,
ऐकू गेलं तर जाऊ दे.
सांगा.